डोंगरवाट, तळ्यात पोहणे आणि बाहेरचे जेवण: एका दिवसाची आखणी कशी करावी

सकाळी डोंगर चढायचा, दुपारी तळ्यात पोहायचे आणि संध्याकाळी कुठेतरी निवांत बसून जेवायचे, असा बेत ठरवताना नवखी मंडळी बहुधा या तिन्ही गोष्टींचा वेगवेगळा विचार करतात. वाट कोणती, तळे कोणते आणि उपाहारगृह कोणते, एवढे ठरले की बेत पक्का झाला असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात अडचणी येतात त्या या तिन्हींच्या सांध्यावर. चढाने दमलेल्या पायांना पाण्यात गोळे येतात, गार पाण्याने बधिर झालेल्या बोटांनी बुटाची नाडी बांधता येत नाही, आणि राखून ठेवलेल्या टेबलाची वेळ जवळ आली की निसरड्या उतारावर पाय भराभर पडू लागतात. या तिन्हींत पाणी ही एकच जागा अशी आहे की जेथे चूक सुधारायला सवड मिळत नाही. त्यामुळे निघण्याची वेळ, पाठपिशवीतले सामान, खाणे आणि विश्रांती या सर्वांची आखणी एकाच हेतूने करावी: तळ्याशी पोहोचाल तेव्हा दम खाऊन झालेला असावा, अंगात ऊब असावी आणि हाताशी भरपूर उजेड असावा. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

१. वाट निवडण्याआधी तळे निवडा

पहिला प्रश्न तळ्याचा आहे आणि तो साधा आहे: तेथे पोहण्यास परवानगी आहे का? पिण्याच्या पाण्याचे साठे, धरणांचे जलाशय आणि संरक्षित वनक्षेत्रांतील तळी यांत उतरण्यास अनेक ठिकाणी मनाई असते. धरणाच्या जलाशयाबद्दल मी अधिक आग्रहाने सांगेन, कारण वरून शांत दिसणाऱ्या त्या पाण्याखाली पाणी ओढून घेणारी तोंडे असतात, दरवाजे उघडले की पातळी आणि ओढ अचानक बदलते, आणि काठ अनेकदा इतके उभे किंवा गुळगुळीत असतात की आत उतरलेल्या माणसाला बाहेर येता येत नाही. खाणींच्या खड्ड्यांत साठलेले पाणीही याच कारणांसाठी टाळावे. ते खोल आणि फार गार असते, आणि त्यात बुडालेली यंत्रसामग्री असू शकते.

परवानगी आहे असे कळल्यावर काठ कसा आहे ते पाहा. नवख्यांसाठी योग्य तळे म्हणजे ज्याचा किमान एक काठ हळूहळू उतरत जातो, जेथे बऱ्याच अंतरापर्यंत पायाला ठाव लागतो, आणि जेथून बाहेर पडण्याची जागा पाण्यातूनही स्पष्ट दिसते. जीवरक्षक असलेला किनारा मिळाला तर पहिल्या खेपेस तोच घ्यावा, मग तो कमी रमणीय का असेना. बुडून होणारे मृत्यू ही क्वचित घडणारी गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली.

तळ्याची उंचीही लक्षात घ्या. हवेचे तापमान दर १००० मीटरमागे सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने उतरते, म्हणजे पायथ्याशी २८ अंश असताना ८०० मीटर वरच्या तळ्याकाठी साधारण २३ अंश असतील. पाणी त्याहून गार असण्याची शक्यता मोठी आहे, आणि वितळत्या बर्फाचे ओहोळ तळ्यात येत असतील तर भर उन्हाळ्यातही ते अंगाला चटका देईल इतके थंड असते.

२. वाट मोजा, आणि ती तासांत मोजा

नकाशावरचे किलोमीटर फसवे असतात, कारण चढ त्यांत दिसत नाही. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला हिशेब आजही वापरला जातो: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि त्याशिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. १० किलोमीटरच्या वाटेवर एकूण ६०० मीटर चढ असेल, तर दोन अधिक एक असे तीन तास होतात. हा हिशेब चांगल्या वाटेवरून दमदार चालणाऱ्यांचा आहे आणि त्यात थांबे धरलेले नाहीत. नवख्यांनी त्यात निम्मी भर घालावी, म्हणजे तीनाचे साडेचार तास होतात. घसारा, दाट झाडी किंवा चिखल असेल तर त्याहूनही अधिक लागतील.

पहिल्या बेतासाठी अशी वाट निवडावी की जिच्यावरचा मोठा चढ तळ्याच्या आधी संपतो आणि तळ्यानंतर केवळ सोपी, रुळलेली उतरण उरते. पोहून झाल्यावर शरीर थकलेले असते, पण अंग हलके वाटत असल्याने तो थकवा जाणवत नाही. अशा वेळी कठीण उतरण समोर येऊ नये. उतारावर गुडघ्यांवर आणि घोट्यांवर भार पडतो आणि थकलेल्या पायांनी घसरण्याची शक्यता वाढते, त्यामुळे दिवसाचा शेवटचा टप्पा सर्वात साधा असलेला बरा.

नकाशा दोन प्रकारे जवळ ठेवा. फोनमध्ये त्या भागाचा नकाशा आधीच उतरवून घ्यावा. जीपीएस उपग्रहांवर चालत असल्याने नेटवर्क नसतानाही तुमची जागा दिसते, पण नकाशाचे चित्र मात्र आधी साठवलेले असावे लागते. फोन विमान मोडवर ठेवल्यास बॅटरी बराच वेळ पुरते. त्याबरोबर कागदी नकाशा किंवा निदान त्याची छापील प्रत खिशात ठेवावी, कारण पोहण्याच्या दिवशी फोन ओला होण्याचा धोका एरवीपेक्षा जास्त असतो.

३. वेळापत्रक उलटे मांडा

नवखी मंडळी सकाळपासून पुढे मोजत जातात आणि जेवणाची वेळ जी निघेल ती निघेल असे म्हणतात. त्याऐवजी शेवटापासून मागे यावे. वरच्याच वाटेचे उदाहरण घेऊ आणि तळे सातव्या किलोमीटरला आहे असे समजू.

संध्याकाळी सात वाजता टेबलावर बसायचे आहे. हातपाय धुऊन कपडे बदलायला अर्धा तास धरला, तर साडेसहाला उपाहारगृहाशी पोहोचायला हवे. वाट चुकणे, पायाला फोड येणे किंवा वाहनाला उशीर होणे यांसाठी एक तास राखून ठेवा. म्हणजे चालणे साडेपाचला संपले पाहिजे. तळ्यापासून खाली यायला सव्वा तास लागत असेल, तर सव्वाचारला तळे सोडायचे. तळ्याकाठी दोन तास हवेत, त्यांतले पाण्यातले जेमतेम अर्धा तास आणि उरलेले दम खाण्याचे, अंग कोरडे करण्याचे आणि ऊब आणण्याचे. म्हणजे तळ्यावर सव्वादोनला पोहोचायचे. वर जायला सव्वातीन तास आणि थांब्यांचा अर्धा तास धरला, की निघण्याची अगदी शेवटची वेळ सकाळी साडेदहा अशी येते.

ही शेवटची वेळ झाली. निघावे त्याहून दीडएक तास आधी, म्हणजे नऊच्या सुमारास. डोंगराळ भागात दिवस तापल्यावर दुपारनंतर गडगडाटी पाऊस होण्याची शक्यता वाढते, आणि त्या वेळी तळ्यात किंवा उघड्या धारेवर असू नये. लवकर निघाल्यास ऊन डोक्यावर असताना पोहणे होते, जे उबेच्या दृष्टीनेही हवेच आहे.

वेळापत्रकात एक वेळ लाल अक्षरांत लिहावी: परतण्याची वेळ. त्या वेळेपर्यंत तळे गाठले नाही, तर ते समोर दिसत असले तरी पोहण्याचा बेत सोडून मागे फिरायचे. हा निर्णय घरी बसून घेतलेला असावा, कारण घामाघूम झाल्यावर समोर निळे पाणी दिसत असताना तो कोणालाच घेता येत नाही.

४. टेबल राखून ठेवा, पण स्वतःला बांधून घेऊ नका

उपाहारगृह शक्यतो वाट जेथे संपते त्याच्या जवळचे निवडावे. टेबल राखताना चार गोष्टी विचारून घ्याव्यात: स्वयंपाकघर शेवटची मागणी किती वाजेपर्यंत घेते, अर्धा-पाऊण तास उशीर झाला तर टेबल राहील का, डोंगरात चालून आलेल्या कपड्यांत आलेले चालते का, आणि पैसे रोख द्यावे लागतात का. पहिला प्रश्न बहुतेकांच्या मनात येत नाही. दार रात्री दहापर्यंत उघडे असले तरी चूल त्याच्या बऱ्याच आधी थंड होते, आणि दिवसभर चाललेल्या चमूला ते दारात उभे राहून कळणे फार जड जाते. कोणाला एखादा पदार्थ वर्ज्य असेल किंवा त्याची ॲलर्जी असेल, तर तेही याच वेळी सांगावे.

येथील मोठा सापळा म्हणजे आगाऊ भरलेले पैसे. जेथे न गेल्यास पैसे बुडतात अशा जागेचे आरक्षण या दिवसासाठी घेऊ नये; पैसे वाया जातील या विचाराने माणसे परतण्याची वेळ पुढे ढकलतात, उतारावर धावतात आणि वादळाकडे काणाडोळा करतात. त्याच परिसरात उशिरापर्यंत चालू असणारी दुसरी एखादी साधी जागा हेरून ठेवली, की ही घाई आपोआप कमी होते.

५. सामान आणि कागदपत्रे

चालण्याचे, पोहण्याचे आणि जेवायला जाण्याचे असे तीन संच एकाच पिशवीत कोंबले की ती फार जड होते. तिसरा संच, म्हणजे स्वच्छ कपडे आणि कोरडी पादत्राणे, वाहनात किंवा पायथ्याशी सुरक्षित ठेवता आला तर उत्तम. तसे शक्य नसेल तर एक हलका सदरा आणि कोरडे मोजे एवढ्यावर भागवावे.

कागदपत्रे: ओळखपत्र, प्रवेश परवाना किंवा शुल्काची पावती, टेबल राखल्याचा क्रमांक, आरोग्य विम्याचे कार्ड, नेहमीच्या औषधांची यादी आणि थोडी रोकड. हे सारे पाणी न शिरणाऱ्या छोट्या पिशवीत ठेवावे.

चालण्यासाठी: पूर्वी वापरून पायाला बसलेले बूट, पावसाचे जाकीट, टोपी, शिट्टी, डोक्याला लावायची विजेरी, प्रथमोपचाराचे साहित्य, फोडांवर लावायची चिकटपट्टी, पॉवर बँक. चालण्याच्या प्रत्येक तासाला सुमारे अर्धा लिटर पाणी धरावे, उन्हात त्याहून अधिक.

पोहण्यासाठी: पोहण्याचे कपडे, पटकन वाळणारा टॉवेल, भडक रंगाची पोहण्याची टोपी, कंबरेला बांधून मागे ओढायचा तरंगता फुगा, पाण्यात घालता येतील अशी पादत्राणे, दहा-पंधरा मीटर दोरी आणि गरम पेयाचा थर्मास. याशिवाय एक जाड लोकरी किंवा फ्लीसचा थर आणि कानटोपी, बाहेर कितीही ऊन असले तरी. हा थर चढताना निरुपयोगी ओझे वाटतो आणि तळ्यातून बाहेर आल्यावर पिशवीतली सर्वात मोलाची वस्तू ठरतो.

तरंगता फुगा तुम्ही कोठे आहात हे काठावरच्यांना दाखवतो आणि दमल्यास त्याला धरून थांबता येते. मात्र तो जीवरक्षक जाकिटाची जागा घेत नाही. ज्याला पोहता येत नाही, त्याने त्याच्या भरवशावर खोल पाण्यात जाऊ नये.

६. निघण्यापूर्वी कोणाला तरी सांगा

घरी राहणाऱ्या एका विश्वासू माणसाला वाटेचे नाव, तळ्याचे नाव, चमूतील माणसे, वाहनाचा क्रमांक आणि उपाहारगृहाचा दूरध्वनी लिहून पाठवावा. त्यासोबत एक ठरावीक वेळ द्यावी आणि त्या वेळेपर्यंत आपला निरोप आला नाही तर कोणाला कळवायचे तेही सांगावे. त्या भागाचा आपत्कालीन क्रमांक पाठ असावा. जगातील अनेक देशांत ११२ हा क्रमांक चालतो. आवाज पोहोचण्याच्या अंतरावर कोणी असेल तर शिट्टीची खूण आहे: एका मिनिटात सहा वेळा वाजवणे, एक मिनिट थांबणे आणि पुन्हा सहा वेळा वाजवणे.

७. चढताना पाण्याचा विचार करा

चढाचा वेग असा ठेवा की चालता चालता पूर्ण वाक्य बोलता यावे. तळ्यासाठी शक्ती राखायची आहे, हे चमूतील सर्वात वेगवान माणसाला सुरुवातीलाच सांगावे आणि वेग सर्वात मंद माणसाचा ठेवावा. थोडे थोडे खात आणि पीत राहावे. तळ्यावर पोहोचून एकदम पोटभर खाण्यापेक्षा हे बरे.

जेवणानंतर पाण्यात उतरल्यास पोटात गोळा येऊन माणूस बुडतो, ही समजूत फार पसरलेली आहे. तिला भक्कम पुरावा नाही. तरीही पोट तुडुंब भरलेले असताना पोहणे त्रासाचे होते, म्हणून हलके खावे. खरा धोका मद्याचा आहे. त्याने अंदाज चुकतो, तोल जातो आणि अंगातील ऊब लवकर निघून जाते, त्यामुळे पोहणे आटोपून चालणे संपेपर्यंत ते पूर्णपणे वर्ज्य समजावे.

टाचेला किंवा बोटाला कोठे चुरचुरू लागले तर लगेच थांबून पट्टी लावा. एरवीच्या भटकंतीत फुटलेला फोड ही केवळ गैरसोय असते. येथे तो पाण्यातील जंतूंना उघडे दार ठरतो. लेप्टोस्पायरोसिस या, प्राण्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या रोगाचे जंतू अशाच तुटलेल्या कातडीतून शरीरात शिरतात. उघडी जखम जलरोधक पट्टीने नीट झाकता आली नाही, तर त्या माणसाने त्या दिवशी काठावर बसावे.

८. काठावर पोहोचल्यावर लगेच उतरू नका

हा टप्पा मी विस्ताराने लिहीत आहे, कारण घाई येथेच होते. पिशवी खाली टाकून थेट पाण्यात धाव घेणारी मंडळी प्रत्येक तळ्याकाठी दिसतात.

आधी पंधरा-वीस मिनिटे बसा. श्वास शांत होऊ द्या, घाम टिपा, पाणी प्या. हा वेळ तळे वाचण्यासाठी वापरा. पाण्यावर हिरव्या रंगाचा तवंग, सांडलेल्या रंगासारखे पट्टे किंवा काठाला गोळा झालेला दाट हिरवा थर दिसला, तर ती निळ्या-हिरव्या शेवाळाची वाढ असू शकते. तिच्यातून विषारी द्रव्ये निर्माण होऊ शकतात, म्हणून स्वतःही उतरू नये आणि बरोबरच्या कुत्र्यालाही पाणी पिऊ देऊ नये. नुकताच जोराचा पाऊस झाला असेल तर आसपासची घाण वाहून तळ्यात आलेली असते, आणि पाणी गढूळ झाल्याने तळही दिसत नाही. अशा वेळी पोहणे रद्द करावे. ओहोळ कोठून येतो आणि पाणी कोठून बाहेर पडते ते पाहून बाहेर पडण्याच्या जागेपासून दूर राहावे. आकाशाकडेही पाहा. गडगडाट ऐकू आला तर पाण्याबाहेर यावे, उघड्या काठापासून आणि एकट्या झाडापासून दूर जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे पाण्यात उतरू नये.

खोलीचा अंदाज डोळ्यांवर सोडू नका. प्रकाश पाण्यातून बाहेर येताना वाकतो, त्यामुळे वरून पाहताना तळ असतो त्याहून वर भासतो. ४ मीटर खोल पाणी सुमारे ३ मीटरच वाटते. नितळ पाण्यात ठाव लागेल असे समजून उतरलेला माणूस म्हणून गटांगळी खातो. उलट गढूळ पाण्यात एखादा खडक पृष्ठभागाखाली हातभर अंतरावर असतो आणि तो दिसतच नाही. डोके खाली करून सूर मारणे अनोळखी तळ्यात कधीही करू नये. मानेच्या मणक्याला होणारी इजा जन्मभराची असते.

उतरण्यापूर्वी अंगठ्या काढून पिशवीत ठेवा, कारण गार पाण्यात बोटे आकसतात आणि अंगठी नकळत सरकून जाते. डोळ्यांतील लेन्स काढाव्यात. गोड्या पाण्यातील काही सूक्ष्म जीव लेन्सखाली अडकून डोळ्याला गंभीर संसर्ग करू शकतात. टॉवेल, जाड थर, कानटोपी आणि बूट ज्या क्रमाने लागतील त्याच क्रमाने काठावर मांडून ठेवा. शेवटी एक माणूस पाण्यावर लक्ष ठेवण्यासाठी नेमा. त्याच्या हातात दोरी असावी आणि फोन नसावा. लहान मुले असतील तर प्रत्येक मुलामागे एक मोठा माणूस हाताच्या अंतरावर हवा.

९. पाण्यात

चालत, सावकाश उतरा. आधी घोटे, मग गुडघे, मग कंबर. हाताने मानेवर आणि चेहऱ्यावर पाणी मारा. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातील उष्णता ओढून घेते. पाणी १५ अंशांहून गार असेल तर पहिल्या क्षणी श्वास आपोआप आत खेचला जातो, धाप लागते आणि हृदय जोराने धडधडू लागते. याला थंड पाण्याचा धक्का म्हणतात आणि तो उत्तम पोहणाऱ्यालाही बसतो. त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर एका श्वासात पाणी फुफ्फुसात जाऊ शकते. म्हणूनच उडी मारायची नाही. हा धक्का दोन-तीन मिनिटांत ओसरतो. तोवर पायाला ठाव असलेल्या जागी उभे राहून लांब श्वास सोडत राहावे आणि श्वास ताब्यात आल्यावरच पोहायला लागावे. हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गार पाण्यात उतरू नये.

काठाला समांतर पोहा. तळ्याच्या पैलतीराचे अंतर नेहमीच असते त्याहून कमी वाटते, आणि मध्यावर दम संपला तर दोन्ही काठ सारखेच दूर असतात. उन्हाने तापलेले पाणी वरच्या थरातच असते. उभे राहून पाय खाली सोडले की पोटऱ्यांना एकदम गारठा लागतो. चढाने दमलेल्या पोटऱ्यांना तेथेच गोळा येतो. तो आल्यास घाबरून हातपाय मारू नका: पाठीवर वळा, तरंगत राहा, पायाचा चवडा हाताने स्वतःकडे ओढून पोटरी ताणा आणि हातांनी हळूहळू काठाकडे या. पाणवनस्पती पायांत गुंतल्या तरीही हेच करावे, कारण झटके दिल्याने वेढे आणखी घट्ट होतात. पाय सैल सोडून पाठीवर तरंगत आलेल्या वाटेने मागे सरकावे. तरंगणे घरच्या जवळच्या तलावात आधी शिकून घ्यावे: डोके मागे, कान पाण्यात, तोंड आकाशाकडे, हातपाय मंद हलते. समुद्रात तरंगण्याची सवय असलेल्यांना गोडे पाणी किंचित कमी उचलून धरते, हेही लक्षात असू द्यावे.

पाणी गार असेल तर पहिल्या दिवशी पाच ते दहा मिनिटे पुरे. थंडी वाजेनाशी झाली, बोटे एकमेकांना चिकटेनाशी झाली किंवा हाताचा फटका पूर्ण बसेनासा झाला, तर त्याच क्षणी बाहेर यावे.

काठावरच्या माणसाने एक गोष्ट पक्की जाणावी. बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही आणि हात हलवून बोलावतही नाही. त्याचे तोंड पाण्याच्या पातळीवर वरखाली होत असते, श्वास घेण्यापलीकडे आवाज काढायला सवड नसते, हात बाजूंना पसरून पाणी खाली दाबत असतात, आणि शरीर उभे असूनही पाय चालत नसतात. फ्रँक पिया या अमेरिकन जीवरक्षकाने हे निरीक्षण मांडले. त्याच्या मते ही अवस्था २० ते ६० सेकंदच टिकते. “ठीक आहेस ना?” असे विचारल्यावर उत्तर आले नाही, तर धोका समजावा. मदत करताना स्वतः उडी घेऊ नये, कारण बुडणारा माणूस वाचवणाऱ्याला मिठी मारून दोघांनाही खाली नेतो. काठावर आडवे पडून काठी किंवा टॉवेल पुढे करा, दोरी फेका, बूच लावलेली रिकामी मोठी बाटली किंवा तरंगता फुगा फेका, आणि एकाला मदत बोलावण्यास पाठवा. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल, तर बुडण्याच्या घटनेत तोंडाने श्वास देण्याला विशेष महत्त्व असते. प्रथम श्वास देऊन मग ३० छातीदाब आणि २ श्वास असे चक्र मदत येईपर्यंत चालू ठेवावे. हे वाचून हातात येत नाही. त्याचे अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण घेऊन ठेवावे.

१०. बाहेर आल्यावरची पहिली दहा मिनिटे

बाहेर आल्यावर अंगात तरतरी वाटते आणि माणसे ओल्या कपड्यांत गप्पा मारत उभी राहतात. नेमके याच वेळी हातापायांतील गार रक्त परत आत येत असते आणि शरीराच्या गाभ्याचे तापमान आणखी काही वेळ उतरत राहते. हुडहुडी म्हणून बाहेर आल्यावर दहाएक मिनिटांनी भरते. तोवर ओले कपडे उतरलेले, अंग पुसलेले आणि जाड थर चढवलेला असावा. आधी धड, मग डोके, मग पाय. बोटे काम देईनाशी होण्यापूर्वी बुटांच्या नाड्या बांधून घ्याव्यात. थर्मासमधील गोड गरम पेय घोट घोट घ्यावे आणि काहीतरी खावे. थरथर थांबेपर्यंत उतरायला लागू नये. कोणी अडखळत बोलू लागला, गोंधळला किंवा थरथर थांबूनही निपचित बसला, तर त्याला चालवू नका. आडवे करून गुंडाळा आणि मदत बोलवा.

साबण, शांपू किंवा भांड्यांचे खरकटे तळ्यात जाऊ देऊ नका. नैसर्गिक म्हणून विकला जाणारा साबणही पाण्यातील जीवांना बाधतो. शौचासाठी पाण्यापासून किमान ६० मीटर दूर जाऊन १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करावा व तो बुजवावा.

११. उतरण आणि जेवण

उतरताना घड्याळ पाहून उशीर होतो आहे असे दिसले, तर नेटवर्क मिळताच उपाहारगृहाला कळवा. त्या एका फोननंतर पायांवरची घाई उतरते. पायथ्याशी आल्यावर चिखलाचे बूट आणि ओले कपडे वेगळ्या पिशवीत बांधा, कोरडे मोजे घाला, हात साबणाने नीट धुवा; तळ्याचे पाणी हाताला लागलेले असते आणि त्याच हातांनी जेवायचे असते.

टेबलावर बसल्यावर आधी पाणी प्या. दिवसभराची भूक मोठी असते आणि मागणी डोळ्यांनी केली जाते, म्हणून प्रथम थोडे मागवून मग वाढवत जाणे चांगले. वाहन चालवणाऱ्याने मद्य घेऊ नये. त्याच्या झोपेचाही विचार करावा, कारण चालणे, गार पाणी आणि पोटभर जेवण या तिन्हींनंतर गुंगी हमखास येते. परतीचा रस्ता लांब असेल तर दुसऱ्या चालकाची सोय आधीच असावी, नाहीतर मुक्कामाची.

१२. घरी आल्यावर

ज्या माणसाला बेत कळवला होता त्याला पोहोचल्याचा निरोप द्या. बुटांच्या तळव्यांतील माती, पोहण्याच्या कपड्यांत अडकलेले वनस्पतींचे तुकडे आणि फुग्याच्या पट्ट्यावरचा गाळ धुऊन सर्व सामान पूर्ण वाळू द्या. एका तळ्यातील बिया, शिंपल्यांची सूक्ष्म पिल्ले आणि रोगजंतू ओलसर सामानातूनच दुसऱ्या तळ्यात जातात, आणि तेथील मूळच्या जीवांना हटवून पसरतात.

पुढचे काही आठवडे आपल्या तब्येतीकडे लक्ष ठेवा. लेप्टोस्पायरोसिसची लक्षणे साधारण ५ ते १४ दिवसांनी, क्वचित महिनाभरानेही दिसतात: अचानक ताप, थंडी, तीव्र डोकेदुखी, पोटऱ्या दुखणे आणि डोळे लाल होणे. पोटऱ्यांचे दुखणे डोंगर चढल्याचे आहे असे समजून अंगावर काढू नये. डॉक्टरांकडे गेल्यावर कोणत्या तारखेला तळ्यात उतरला होता आणि पायाला जखम होती का, हे त्यांनी विचारण्याची वाट न पाहता स्वतःहून सांगावे.